यार्डातले इंजिन

शिवाजीनगर म्हटले म्हणजे मराठी माणसाला पुणे आठवते. परंतु या नावाची एक वस्ती बंगळुरातही आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे आपणांस ठाऊक आहे; ही वस्ती मात्र त्या काळची नव्हे. तिचे जुने नाव ब्लॅकपल्ली. १८०९ मध्ये इंग्रजांनी वसविलेल्या लष्करी छावणीच्या आश्रयाने ती वाढली. तिच्या शेजारीच छावणीचे रेल्वे स्टेशन आहे. १८६४ मध्ये मद्रास रेल्वेने जोलारपेटहून आणलेला लोहमार्ग प्रथम येथे येऊन थांबला.

लोहमार्ग जेथे संपतो तेथे एका निराळ्याच कामाला आरंभ होतो. आलेली गाडी सोडवावयाची, वाघिणी वेगळ्या करावयाच्या, कोणती धक्क्यावर, कोणती कारखान्याच्या फाट्यावर हे ठरवून त्या तेथे नेऊन ठेवावयाच्या आणि पुन्हा नवी गाडी जुळवावयाची. याला रेल्वेची माणसे शंटिंग म्हणतात. मेल गाडीच्या इंजिनाचे कौतुक सर्वांना असते. यार्डात दिवसभर मागे-पुढे करणाऱ्या इंजिनाकडे कोणी वळूनही पाहत नाही. तरीही त्याचे काम एक दिवस थांबले, तर मेलही सुटावयाची नाही. असे इंजिन तयार करणे ही यंत्रविद्येची मोठी परीक्षा आहे.

पूर्वी हे काम वाफेची इंजिने करीत. वाफेचा एक मोठा गुण असा, की चाके स्थिर असतानाच ती पूर्ण जोर देऊ शकते. दोष मात्र खर्चाचा. शंटिंगच्या इंजिनाचा निम्माअधिक वेळ वाट पाहण्यात जातो, आणि त्या वेळातही भट्टी पेटती ठेवावीच लागते. डिझेल इंजिनाला ही अडचण नाही. काम नसेल तेव्हा ते बंद ठेवता येते आणि हवे तेव्हा चटकन सुरू करता येते. पण त्याचा स्वभाव वाफेच्या अगदी उलट. ते ओझ्यासह जागचे उठत नाही. आधी मोकळे फिरू द्यावे, मग त्याच्यावर भार घालावा, असे त्याचे मागणे असते. मोटारीत हे काम क्लच करतो. परंतु शेकडो टनांची मालगाडी दिवसातून अनेक वेळा जागची हलवावयाची झाली, तर घासून चालणारा क्लच किती दिवस टिकणार?

म्हणजे खरा प्रश्न इंजिन आणि चाके यांच्यामधल्या दुव्याचा होता. एक उपाय विजेचा. इंजिनाने जनित्र फिरवावे आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालाव्यात. हा उपाय खात्रीचा, पण वजनदार आणि महाग. दुसरा उपाय तेलाचा. एका बंद पेटीत समोरासमोर पात्यांची दोन चाके असतात. इंजिनाने फिरविलेले चाक तेल वेगाने दुसऱ्यावर फेकते, आणि त्या प्रवाहाच्या रेट्याने ते दुसरे चाक फिरू लागते. धातू धातूला घासत नाही, धक्का बसत नाही, आणि गाडी जागची उठताना जोर अनेक पटींनी वाढतो. या साधनाला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. मात्र वेग वाढला, की तेल ढवळण्यातच पुष्कळ शक्ती वाया जाते व तेल तापते.

या अडचणीवर भारतातील एका रेल्वे अभियंत्याने उपाय शोधला. त्यांचे नाव मनमोहन सुरी. आरंभी तेलाच्या द्वारे जोर द्यावयाचा आणि वेग आला, की शक्ती अधिक थेट यांत्रिक मार्गाने चाकांकडे न्यावयाची, असा दोन तत्त्वांचा मेळ त्यांनी घातला. ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ही रचना ओळखली जाते. १९६२ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालक झाले आणि तेथेच ‘स्वराज’ ट्रॅक्टरचा आराखडा सिद्ध झाला. परदेशी आराखडा आणून त्यावरून यंत्र उभारणे हे एक काम आहे. आराखडाच आपल्या बुद्धीने करणे हे दुसरे. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला दुसऱ्याची गरज अधिक होती.

याच काळात चित्तरंजनच्या कारखान्याने डिझेल शंटिंग इंजिने बांधावयास घेतली. १९५० पासून तेथे वाफेची २३५१ इंजिने बांधली गेली होती. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे डिझेलचे काम सुरू झाले, आणि ते थांबेपर्यंत ८४२ इंजिने बाहेर पडली. शंटिंगसाठी बांधलेल्या डब्ल्यूडीएस-४ या जातीचे इंजिन सुमारे ६० टनांचे होते. त्याची तिन्ही चाकजोड्यांची चाके दांड्यांनी एकमेकांस बांधलेली असत, म्हणजे एकटी एखादी जोडी घसरावयाची नाही. हे वजन हौसेचे नव्हे. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी. इंजिन हलके केले, की ओढही घटली. लांबी आखूड, कारण कारखान्यांच्या फाट्यांवरील वळणे तीव्र असतात. ड्रायव्हरची खोली अशी, की दोन्ही टोकांना उभा असलेला माणूस त्याला दिसावा. वाघिणी जोडणाऱ्या त्या माणसाचा जीव याच नजरेवर अवलंबून असतो.

रेल्वेत पुढे विजेच्या दुव्याचीच सरशी झाली. वाराणसीच्या कारखान्यातील १३५० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएस-६ इंजिनांनी यार्डे व्यापली. परंतु तेलाच्या दुव्याला पोलाद, सिमेंट आणि खत यांच्या कारखान्यांत आश्रय मिळाला.

येथे पुन्हा आपण छावणी स्टेशनावर येऊ. तेथून पूर्वेकडे निघालेले रूळ कृष्णराजपुरम आणि व्हाइटफील्डकडे जातात. त्याच बाजूला, व्हाइटफील्ड रस्त्यावर, सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी या कारखान्याने अशी लहान, भक्कम इंजिने बांधण्याचा व्यवसाय उभा केला. आणि या व्यवसायाचा एक धागा थेट आपल्या सह्याद्रीवर येतो. नेरळ-माथेरानचा अडीच फुटांहूनही अरुंद, दोन फुटी मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०७ मध्ये खुला केला. तेथील तीव्रतम चढ वीस फुटांस एक फूट. अशा चढावर गाडीचा प्रत्येक टन पन्नास किलो जोराने मागे ओढतो. त्या मार्गावर आधी जर्मन बनावटीची वाफेची इंजिने आली, मग जर्मनीचीच डिझेल इंजिने; आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एनडीएम-६ या जातीची इंजिने बंगळूरच्या या कारखान्याने बांधून दिली. सावकाश चालावे, पण जोर सोडू नये, हा यार्डाचा गुण घाटालाही उपयोगी पडला.

आज देशातील बहुतेक रुंदमापी मार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत. पण जेथे वाघिणी वरून भरावयाच्या किंवा क्रेनने उतरावयाच्या असतात, तेथे तार टांगणे अवघडच. म्हणून त्या शेवटच्या थोड्या अंतरावर हे इंजिन अजून हवे असते. राष्ट्राचा माल हजार मैल वेगाने धावतो खरा. तो योग्य दारी पोहोचतो, तो या संथ चालीच्या भरवशावर.