दुखवट्याला यायला कोणी उरत नाही तेव्हा

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव जवळजवळ सगळं दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. बाहेर पहिली खबर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीची गाडी घेऊन आला, तर समोर गावच नव्हतं. संकटात पहिला पोचणारा माणूस डॉक्टर क्वचितच असतो. ढिगारा उपसायला आपत्ती दलाचे प्रशिक्षित जवान आले, पोकलेन आले. वाचलेल्याशेजारी कसं बसावं, हेही तोवर शिकण्याजोगं शास्त्र झालं होतं. पण ते शिकवण्याची खरी जागा तालुका आहे, हे आपल्याला अजून पुरतं पटलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे: दुःखितांना सांभाळायला गावाला शिकवायचं काय? सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, भाऊकी पिठलं-भाकरी आणून देते, दहाव्याला सोयरे जमतात, घरच्यांना कोणी एकटं सोडत नाही. खरंच आहे. मात्र घर दुःखात असलं तरी गाव शाबूत आहे, हे या रीतीनं गृहीत धरलेलं असतं. माळीणमध्ये भाकरी आणणारी भाऊकीच गाडली गेली. जे त्या सकाळी बाहेर होते म्हणून वाचले, त्यांचा ‘मीच का उरलो’ हा प्रश्न तेराव्याला मिटणारा नव्हता. शिवाय ही रीत मरणानंतर सुरू होते. कोणी जीव द्यायची भाषा करू लागलं किंवा कोणाला भलतेच आवाज ऐकू येऊ लागले, की तीच भाऊकी दार लावून घेते. आधी देवऋषी, मग पुण्यातलं येरवड्याचं मनोरुग्णालय. जुन्नरच्या उसात बिबट्यानं मूल नेलं तर पंचनामा होतो, भरपाई मिळते, आणि पकडलेल्या बिबट्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. त्या आईपाशी कोणी बसायचं, हे मात्र कुठल्याच कागदावर ठरलेलं नसतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: अर्धवट शिकलेला माणूस अपाय करील. इतिहास जरा उलटं सांगतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं भूकंपग्रस्तांच्या मानसिक गरजांचा अभ्यास हाती घेतला. त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे, नाटक-सिनेमातले तेच. त्या काळात आपद्ग्रस्तांना लगेच बसवून घडलेलं सगळं वदवून घेण्याची पद्धत जगभर रूढ होती. ती तज्ज्ञांनीच घडवली होती. पुढे २००२ मधल्या एका व्यापक आढाव्यात तिचा उपयोग दिसला नाही, उलट काहींना अपाय होण्याची शक्यता दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत म्हणूनच आवर शिकवला आहे: बघा, ऐका, जोडून द्या, बोलण्याचा आग्रह धरू नका. ही शिस्त शिकायला वैद्यकीची पदवी लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासीबहुल पेठ तालुक्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ प्रकल्पानं गावातल्याच माणसांना अशी सोबत शिकवली. पेठला जमलं ते आंबेगाव-जुन्नरला जमणार नाही, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो: स्वयंसेवक उभे केले की सरकार डॉक्टर नेमायचं टाळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला, पण माळीणपासून पुणे शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. ‘जोडून द्या’ म्हणताना जोडायचं कोणाशी, हे मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापाशी ठरलेलं हवं. नाहीतर ती सोबत अर्ध्यावरच तुटते. तरीही डॉक्टर येईपर्यंत गावानं थांबावं, असं यातून निघत नाही. एप्रिल २०१७ मध्ये आमडे इथं नवं माळीण वसलं आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथला भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. लोक पुन्हा धास्तावले. आपत्ती दलाला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती; त्या पावसात हाकेच्या अंतरावर असलेली माणसं म्हणजे आशा कार्यकर्ती, शाळामास्तर, ग्रामसेवक आणि शेजारच्या वाड्यांवरचे लोक.