ऊन आणि पाण्याची शुद्धि

फुलंब्रीचा रस्ता ज्या उत्तर बाजूनें छत्रपती संभाजीनगरांत शिरतो, त्याच बाजूच्या खोऱ्यांतलें पाणी मलिक अंबरानें मातीच्या नळांतून शहरांत खेळविलें होतें. १६१० सालीं त्यानें वसविलेल्या खडकीचेंच पुढें हें शहर झालें. पाणी आणावें कसें, हा तेव्हांचा प्रश्न होता. आज पाण्यांत मिसळलेले कापडाचे रंग, औषधांचे अंश व कीटकनाशकें काढावीं कशीं, हाही प्रश्न उभा आहे.

तुरटीनें गाळ खालीं बसतो, कोळसा रंग ओढून घेतो. परंतु त्यानें घाण नष्ट होत नाहीं. ती केवळ जागा बदलते. तिचा समूळ नाश करण्याचा मार्ग पांढऱ्या रंगलेपांतील टायटॅनियम डायऑक्साइडनें दाखविला. अतिनील किरण पडले असतां ही भुकटी रंगद्रव्यांचा नाश घडविते, हें गुडीव्ह आणि किचनर यांनीं १९३८ सालीं अभ्यासिलें. १९७२ सालीं जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनीं याच पदार्थाच्या व प्रकाशाच्या साह्यानें पाण्याचें विघटन केलें, तेव्हांपासून या संशोधनास वेग आला. प्रकाशानें भुकटींतील इलेक्ट्रॉन सुटतात, पाणी व प्राणवायु यांपासून अतितीव्र कण बनतात, आणि ते सेंद्रिय द्रव्याचे तुकडे करतात. भुकटी स्वतः खर्चीं पडत नाहीं.

यांत दोन अडचणी होत्या. उन्हांत अतिनील किरण शेंकडा चार-पांचच असतात. म्हणून भुकटींत नायट्रोजनासारखीं द्रव्यें मिसळून तिला दृश्य प्रकाशही वापरतां येईल असें केलें गेलें. दुसरें, बारीक भुकटी पाण्यांतून परत काढणें कठीण. येथें जुनी विद्या कामास आली. विजेच्या दाबानें द्रवाचे तंतु ओढण्याच्या रीतीचें पेटंट फॉर्महाल्स यांस १९३४ सालीं मिळालें होतें. त्याच रीतीनें केसाहून शेंकडों पट बारीक तंतूंचें जाळें विणून त्यांत हा पदार्थ बसवितात. काम झालें कीं जाळेंच उचलून घ्यावें.

मराठवाड्यांत ऊन विपुल, पाणी मात्र मोजकें. म्हणून ही विद्या आपल्या कामाची. पण गढूळ पाण्यांत प्रकाश खोलवर शिरत नाहीं. तेव्हां रंगाचें पाणी नाल्यास मिळण्यापूर्वींच, कारखान्याच्या हौदांत गाळून शुद्ध करणें श्रेयस्कर. नदींत एकदां पसरलेला रंग वेंचून काढण्याइतकें हें जाळें मोठें नाहीं.