चिंतामणराव, ब्रेटन वुड्स आणि आपला रुपया

लोदी उद्यानाला लागून असलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये आपण दिल्लीकर मराठी मंडळी व्याख्यानाच्या वा गाण्याच्या निमित्ताने वरचेवर जातो. तेथील सभागृहाला चिंतामणराव देशमुखांचे नाव आहे. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे बाणेदार चिंतामणराव आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. परंतु त्याआधी बारा वर्षे, जगाच्या आर्थिक व्यवहाराचे नियम लिहिले जात असताना महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा गृहस्थ तेथे उपस्थित होता, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. सुवर्णमहोत्सवाच्या ह्या अंकात ती नोंदवावी असे आम्हांस वाटले.

जागतिकीकरण हा शब्द आपल्या कानी पडू लागला तो १९९१ नंतर. वस्तू जुनी आहे. आपला रुपया लंडनच्या पौंडाशी जखडलेला असल्याचे दुष्परिणाम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ह्या ग्रंथात सप्रमाण मांडले होते. विनिमयदर ठरविणारा एकीकडे आणि त्याची झळ सोसणारा दुसरीकडे, हेच त्या काळचे जागतिक अर्थकारण होते.

दुसऱ्या महायुद्धाने ह्या व्यवहाराला विलक्षण वळण दिले. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात कापड, धान्य, युद्धसामग्री खरेदी करी; मोबदला रोख न देता लंडनमधील खात्यावर पौंडांत जमा केला जाई. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. युद्धाच्या काळात चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. बाजारातील माल मात्र वाढला नाही. महागाई भडकली, आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. दुष्काळाची कारणे अनेक होती, त्यांत ही महागाईही होती. लंडनच्या वहीत भारताच्या नावे वाढत गेलेली ती शिल्लक, म्हणजे ‘स्टर्लिंग शिल्लक’, येथल्या माणसाच्या पोटाला बसलेल्या चिमट्यातून जमली होती. युद्धाअखेर ती सुमारे १७०० कोटी रुपयांवर गेली. पिढ्यान्‌पिढ्या ऋणको असलेला देश कागदोपत्री साहेबाचा सावकार झाला!

ऑगस्ट १९४३ मध्ये चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. म्हणजे त्या नोटा त्यांच्याच बँकेच्या. हे लपविण्यात अर्थ नाही. पुढच्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन. सभासदांत चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ ही मंडळी होती.

मागणी सरळ होती. नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आमच्या अडकलेल्या पौंडांपैकी काही भाग डॉलरसारख्या कोठेही चालणाऱ्या चलनात बदलून देण्याची सोय करावी. श्रॉफ ह्यांनी ती जोरकसपणे मांडली. ब्रिटनतर्फे आलेले विख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांनी ती मानली नाही. ऋणको आणि धनको आपसांत मिटवतील, ही त्यांची भूमिका ठरली. मागासलेल्या देशांचा स्पष्ट उल्लेख निधीच्या उद्दिष्टांत यावा, हाही आग्रह पुरा झाला नाही. ‘सर्व सभासदांच्या’ उत्पादक साधनांचा विकास एवढेच शब्द राहिले. हाती लागले ते कोट्याच्या बाबतीत. कोटा म्हणजे निधीतील प्रत्येक देशाचा वाटा. मताचे वजन आणि कर्जाची मर्यादा त्यावरून ठरते. भारताला ४० कोटी डॉलरचा, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा कोटा मिळाला. पुढे रशिया सामील झाला नाही, म्हणून आपण पाचवे ठरलो आणि कार्यकारी मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा अधिकार आला. तोही स्वातंत्र्याच्या आधी. १९५० साली पॅरिसला भरलेल्या नाणेनिधी व जागतिक बँकेच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद चिंतामणरावांकडे होते.

आणि ती शिल्लक? काही भाग ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी साहित्याच्या आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबात वळता झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा उरलेल्या रकमेची डॉलरमधील किंमत तीस टक्क्यांहून अधिक घसरली. बाकीची गंगाजळी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीने संपविली. १९५८ साली मदत मागण्यासाठी धनको राष्ट्रांचा गट बोलवावा लागला.

पुढचा काळ आपल्यातील ज्येष्ठांना आठवतो. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. परदेशी निघालेल्या मुलाच्या खिशात मोजके डॉलर घालून पालमवर निरोप देणारे आईबाप ह्या मंडळातही होते. परकीय चलनाची टंचाई त्यांना वर्तमानपत्रातून समजून घ्यावी लागली नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदली सोने देणे थांबविले आणि ब्रेटन वुड्सचा मूळ पायाच निखळला. संस्था मात्र टिकल्या. १९९१ साली आयातीपुरतेही परकीय चलन उरेना, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. त्याचा काही भाग गेला तो लंडनलाच. मराठी माणसाला घरातले सोने गहाण पडणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

ते सोने लौकरच सोडविण्यात आले. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. कोट्याच्या यादीत मात्र १९४४ साली सहावा असलेला आपला देश आज आठवा आहे. वाटा पावणेतीन टक्के.