मनगटातील कूर्चा व बंध यांच्या विदारणावरील उपचार
मनगटातील आठ लहान हाडांना एकत्र बांधणारे बंध आणि करंगळीच्या बाजूची त्रिकोणी तंतुमय कूर्चा यांवर हाताची पकड व प्रकोष्ठाचे फिरणे अवलंबून असते. पसरलेल्या हातावर पडल्याने किंवा मनगटास पीळ बसल्याने त्या फाटतात. हाड मोडलेले नसल्याने ही इजा दीर्घकाळ साधी मुरगळ समजली गेली.

सुश्रुतसंहितेत कूर्चेला ‘तरुण’ अस्थी मानले असून ती मोडण्याऐवजी वाकते, असे म्हटले आहे. सांधा निखळण्याचे सहा प्रकारही तीत वर्णिलेले आहेत. उपचारात वड, उंबर, पिंपळ इ. वृक्षांच्या साली बांधीत. बंधन सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही व फार घट्ट असल्यास सूज आणि वेदना होतात, असा इशाराही तीत आहे.

व्हिल्हेल्म रंटगेन यांच्या क्ष-किरणांच्या शोधामुळे (१८९५) अस्थिभंग दिसू लागले. परंतु कूर्चा व बंध या चित्रात उमटत नाहीत. बंध तुटल्याने मनगट अस्थिर कसे होते, याचे विवेचन लिनशाइड, डॉबिन्स व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये केले. पामर व वेर्नर यांनी त्रिकोणी कूर्चासमूहाची रचना व कार्य विशद केले (१९८१). दुर्लक्षित बंधविदारणातून पुढे संधिझीज होते, हे वॉटसन व बॅलेट यांनी १९८४ मध्ये दाखविले.

केंजी ताकागी यांनी टोकिओत १९१८ मध्ये शवाच्या गुडघ्यात दर्शक नळी घालून संधिदर्शनाचा पाया घातला. मासाकी वातानाबे यांनी १९७० च्या सुमारास लहान सांध्यांसाठी बारीक संधिदर्शक तयार केला. चेन यांनी १९७९ मध्ये मनगट व बोटांच्या सांध्यांच्या दर्शनाविषयी लिहिले, तर १९८६ मध्ये व्हिपल व सहकाऱ्यांनी मनगटासाठी तंत्र मांडले. कूर्चेच्या कडेला रक्तपुरवठा असल्याने तेथील फाट शिवल्यास भरून येते. मध्यभागी तो नसल्याने तेथील फाटलेला भाग केवळ छाटून गुळगुळीत करतात.

महाराष्ट्रात मुंबईचे बी. बी. जोशी यांनी हाताच्या इजांसाठी बाहेरून स्थिर ठेवणारी चौकट विकसित केली. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा (ता. नवापूर) हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, नंतर ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात आले. नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. शेतीवर उपजीविका असलेल्या अशा भागात मनगटाचे बळ गमावणे म्हणजे मजुरी गमावणे होय. म्हणून क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही वेदना टिकल्यास फेरतपासणी करणे आवश्यक ठरते. ताज्या इजेत अनेकदा काही आठवडे मनगट स्थिर ठेवणे पुरेसे होते. विलंब झाल्यास उपचार अवघड होतात.