ब्रिस्टलचा पुतळा आणि ब्रिस्टलचे पब
इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराने १८९५ साली एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा उभारला, 'दानशूर' म्हणून. हा पैसा गुलामांच्या व्यापारातूनही आला होता, हे पुतळ्याखालच्या पाटीने सांगितले नाही.

मग ते सांगितले कुणी? पबमधल्या माणसांनी. १७८७ मध्ये थॉमस क्लार्कसन या व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करायला ब्रिस्टलला आला. 'सेव्हन स्टार्स' पबच्या मालकाने त्याला रात्री मार्श स्ट्रीटवरच्या गुत्त्यांतून फिरवले. तिथे खलाशांना दारू पाजून, कर्जात अडकवून गुलामांच्या जहाजांवर चढवले जाई. खलाशांच्या अशा साक्षींवर चळवळ उभी राहिली आणि १८०७ मध्ये कायद्याने ब्रिटिश गुलाम-व्यापार बंद झाला. कोल्स्टनचा पुतळा मात्र ७ जून २०२० रोजी आंदोलकांनी पाडून बंदरात ढकलेपर्यंत उभाच होता.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. म्हणजे हे नाते आपल्याला नवे नाही. आपल्या गावातही दानशूरांच्या पाट्या आहेत. त्यांच्या शेतात फुकट कोण राबले, हे पाटी सांगणार नाही. त्यासाठी वस्तीत जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे लागेल आणि ते लिहून ठेवावे लागेल.

जय भीम!