अंगणवाडी
ग्रामीण व आदिवासी भागांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी त्यांच्याच वस्तीत, घरापुढील अंगणात किंवा झाडाच्या सावलीत भरविण्यात येणारी बालशाळा. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी (त्या वेळचा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) येथे ही कल्पना प्रत्यक्षात आणली.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीवर आधारलेले बालशिक्षणाचे कार्य केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. तथापि स्वतंत्र इमारत व महागडी साधने यांमुळे ही पद्धती बव्हंशी शहरांतील सुस्थित वर्गापुरतीच मर्यादित राहिली. ती खेड्यांत नेण्यासाठी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करण्यात आले. अनुताई वाघ (१९१०–९२) या तेथे ताराबाईंच्या सहकारी होत्या.

गावातील मध्यवर्ती बालवाडीत गरीब वस्त्यांतील मुले येत नसत. काहींना घरी धाकटी भावंडे सांभाळावी लागत. शिवाय स्वच्छता व शिस्त यांविषयीच्या शाळेच्या अपेक्षांचाही अडसर होता. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व स्वीकारून शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, खेळ व परिसराचे निरीक्षण हा तेथील दैनंदिन कार्यक्रम असे. बिया, शंखशिंपले, पाने, माती व खडे यांपासून शैक्षणिक साधने तयार करण्यात आली. त्यामुळे खर्च कमी झालाच. पण मुलाचा परिसर हेच त्याच्या शिक्षणाचे माध्यम ठरले.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर नेण्यात आले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी विकासवाडी आकारास आली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलांचा शिक्षणाचा मार्ग तीमुळे मोकळा झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शिक्षण देणारी कुरणशाळा हा याच विचाराचा पुढील टप्पा होय.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहारविषयक शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तीत अंतर्भूत करण्यात आल्या. त्यामुळे हे नाव देशभर पोहोचले आणि कुपोषणासारख्या निकडीच्या प्रश्नाला हात घातला गेला. मात्र मूळ प्रयोगात केंद्रस्थानी असलेले शिक्षण येथे सहांपैकी एक सेवा बनले. बालकाचे पोषण आणि त्याचे शिक्षण ही एकाच विकासाची अंगे आहेत, ही बोर्डी-कोसबाडची मूळ भूमिका होती. या दोहोंचा समतोल कितपत साधला जातो, यावरच कोणत्याही अंगणवाडीचे यश जोखावे लागते.