बटाटा कुठला, पाव कुठला, आणि गाडा कोणाचा?

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास एसटी स्टँडसमोरच्या अकरा हातगाड्या अतिक्रमण पथकाने उचलल्या. बातमी मी त्याच दिवशी दिली, चार ओळींची, कारण जागा तेवढीच होती. पण बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचून रात्री झोप नीट लागली नाही. "बरं झालं, घाण गेली" हे नेहमीचं. "सगळे बाहेरून आलेत, गावाचं वाटोळं केलं" हेही नेहमीचंच. पण एकाने लिहिलं, रस्त्यावर उभं राहून खाणं ही मुळात आपली संस्कृतीच नाही. लिहिणारा माझा दोस्त. गेल्या शनिवारी रात्री त्याच अकरापैकी एका गाड्यावर आम्ही दोघांनी उभ्याने वडापाव हाणला होता, आणि पैसे त्याने दिले होते.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी त्या वडापावकडेच बघू. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. तिथले लोक काही हजार वर्षं तो पिकवत होते. आपल्याकडे तो आला पोर्तुगीजांमुळे, आणि नावही त्यांच्याच तोंडचं राहिलं. उत्तरेत आलू, आपल्याकडे बटाटा. पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. गोव्यात यीस्टची पंचाईत होती तेव्हा पीठ फुगवायला माडी वापरली, आणि पदेरांच्या भट्ट्या सुरू झाल्या. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. सुक्या लाल चटणीत शेंगदाणा असेल तर तोही दक्षिण अमेरिकेचा. हरभरा फार जुना, पण त्याचंही मूळ आजच्या तुर्कस्तानच्या बाजूला. गोड चटणीतली चिंच आफ्रिकेची. गंमत म्हणजे अरबांनी तिचं नाव ठेवलं 'हिंदुस्थानचा खजूर', म्हणजे त्यांना वाटलं ती आपलीच. छातीठोकपणे आपला म्हणावा असा त्यात कढीपत्ता उरतो, आणि तो आपण बाजूला काढून ठेवतो.

आता हे सगळं एकत्र कुणी आणलं? श्रेय साधारणपणे अशोक वैद्य यांना दिलं जातं. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर त्यांचा गाडा होता. वडा आधीपासून होता, पावही होता. पण गिरणीची पाळी गाठायला धावणाऱ्या माणसाला बसून, ताट घेऊन खायला वेळ कुठे? एका हातात मावेल, चालता चालता संपेल, पोटाला आधार होईल आणि खिशाला परवडेल, एवढंच त्याला हवं होतं. ती गरज गिरणगावाची होती. पुढे शिवसेनेने वडापावला मराठी माणसाचा धंदा म्हणून उचलून धरलं, तो भाग तुम्हाला माहीत आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला आणि नोकऱ्या घेऊन गेला. त्यातल्या अनेकांनी पोटासाठी वड्याचा गाडा लावला. माझे मोठे मामा त्यांच्यातलेच. परळला साचे चालवायचे. दोन वर्षं वाट बघितली, मग ८४ साली बिऱ्हाड घेऊन गावी आले आणि याच एसटी स्टँडसमोर स्टोव्ह मांडला. मी तेव्हा लहान होतो, पण लोक त्यांना 'मुंबईवाला' म्हणायचे ते आठवतं. जन्म याच गावातला, तरी बाहेरचा! त्या गाड्यावर त्यांच्या दोन मुलींची लग्नं झाली. माझ्या पत्रकारितेच्या पदविकेची फीसुद्धा त्यातूनच गेली, हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

जगात इतर ठिकाणी डोकावलं तरी गोष्ट फार वेगळी दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं उदाहरण आपल्याला जवळचं. १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून निघालेलं 'ट्रूरो' जहाज तिथे लागलं. त्यात उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेले मजूर होते. १९११ पर्यंत असे दीड लाखांवर लोक गेले. मागोमाग गुजराती व्यापारी गेले, दुकानं निघाली, खाणावळी निघाल्या. त्या डर्बनमध्ये आज एक पदार्थ मिळतो, बनी चाव. सशाचा त्यात काही संबंध नाही. 'बनी' म्हणजे आपला बनिया, असं बहुतेक जण मानतात. अर्धा किंवा पाव ब्रेड घ्यायचा, आतला मऊ भाग काढायचा आणि त्या पोकळीत झणझणीत घेवड्याची उसळ नाहीतर मटणाचा रस्सा ओतायचा. काढलेला तुकडा वर झाकण म्हणून. ना ताट लागतं, ना चमचा.

हे असं का झालं याच्या दोन-तीन कहाण्या सांगतात. त्यातली एक मला सोडत नाही. वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाला भारतीयांच्या हॉटेलात आत बसून खाता येत नसे. त्याला मागच्या दाराने द्यायचं, तर भांडं कसं द्यायचं? मग ब्रेडचंच भांडं केलं. आज तोच पदार्थ डर्बनची शान आहे, गोरे-काळे सगळे हात बरबटून खातात. माणसाला आत बसू दिलं नाही म्हणून जन्मलेलं खाणं, आणि ओळख सगळ्या शहराची.

जर्मनीचंही तसंच. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार बोलावले. शब्द वापरला 'पाहुणे कामगार', म्हणजे काम झालं की परत जा. १९७३ ला भरती बंद केली, पण माणसं राहिली. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, कादिर नुरमान यांनी पश्चिम बर्लिनच्या झू स्टेशनसमोर उभ्या सळईवर भाजलेलं मांस कापून पावात भरून विकायला सुरुवात केली, असं मानतात. डोनर कबाब तुर्कस्तानात जुनाच, तिकडे तो ताटात खायचे. बर्लिनचा कामगार घाईत होता म्हणून तो पावात गेला. दादर आठवतंय ना? तीच उभी सळई लेबनॉनच्या लोकांनी मेक्सिकोत नेली, तिथे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, वर अननस आला आणि 'ताकोस अल पास्तोर' झालं. आता त्याला कुणी परदेशी म्हणायला गेलं तर मेक्सिकोवाले मारायला उठतील.

इथवर वाचून कुणी म्हणेल, इतिहास ठीक आहे हो, पण रस्ता अडतो त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. गाड्यांमुळे फूटपाथ राहत नाही, काळं तेल गटारात जातं, मागच्या वर्षी रुग्णवाहिका तिथे अडकली त्याची बातमी मीच केली होती. मामा असते तर त्यांनाही चार शब्द सुनावले असते.

पण उपाय काय, ते सिंगापूरने करून दाखवलं. तिथेही रस्ते असेच भरलेले होते, नाल्यात उष्टं जायचं, रोगराई पसरायची. १९६८-६९ मध्ये त्यांनी आधी विक्रेते मोजले. साधारण अठरा हजारांची नोंद करून परवाने दिले. मग पाणी, वीज, गटार असलेली खाद्यकेंद्रं बांधली आणि त्यांना तिथे हलवलं. हे काम १९८६ पर्यंत चाललं. म्हणजे आधी मोजणी, मग जागा, मग हलवणं. २०२० मध्ये युनेस्कोने त्या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. सगळं गोडच झालं असं नाही. जुन्यांची मुलं आता त्या धंद्यात यायला तयार नाहीत. पण आधी जागा दिली, मग हलवलं.

आपल्याकडे तसं करायला कायदा नाही, असं समजू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. हटवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची, आणि नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करायचा. मी बुधवारी नगरपरिषदेत जाऊन साधं विचारलं, सर्वेक्षणाचं रजिस्टर दाखवा. या टेबलावरून त्या टेबलावर तीन वेळा पाठवलं. शेवटी "साहेब मीटिंगला गेलेत".

अकरा जणांची नावनिशी मी स्वतः घेतली. आठ जणांचं मतदान याच गावात आहे. दोघं शेजारच्या तालुक्यातले, दुष्काळात आलेले. एक राजस्थानचा कुल्फीवाला, त्यालाही इथे एकोणीस वर्षं झाली. चौघींची घरं तर फक्त त्या गाड्यावर चालतात.

त्यातल्या एका मावशींचे मंगळवारी बारा किलो उकडलेले बटाटे गाड्यासोबत गेले. यादी दिली नाही, बटाटेही परत आले नाहीत. पंचवीस वर्षांच्या बाजारफीच्या पावत्या त्यांनी पिशवीत जपून ठेवल्यात. मी फोटो काढत होतो तेव्हा म्हणाल्या, "अहो पत्रकार, पेपरात छापून गाडा परत येतो व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोमवारी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरलंय. मावशी पावत्या घेऊन येणार आहेत. ज्या दोस्ताने संस्कृतीचं लिहिलं होतं त्यालाही फोन केला. बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, "निवेदनावर सह्या किती झाल्या?" सत्तावीस झाल्यात. अठ्ठाविसावी त्याची धरून चाललोय.